माउंटन बाइकसाठी टिकाऊ चेन गाइड: आधी फ्रेम मोजा, मग खरेदी करा

चेन गाइड म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चाकावरून (चेनरिंगवरून) चेन निसटू नये म्हणून बसवायचा छोटा पिंजरा. तो घेताना बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी फोटो आवडतो, मग किंमत जमते, आणि पार्सल घरी आल्यावर सायकल आडवी पाडून बोल्ट कुठे लावायचे याचा शोध सुरू होतो. दुकानात विचारलं तरी उत्तर ठरलेलं असतं, "लागेल हो दादा, सगळ्या सायकलींना लागतं." सगळ्या सायकलींना लागेल असं गाइड मी अजून पाहिलेलं नाही.

गाइड दगडावर आपटून मोडतं, पण तसं क्वचितच. जास्त गाइड मरतात ती बोल्ट ढिले होऊन, चुकीच्या चेनलाइनवर (चेन फ्रेमपासून किती आत-बाहेर चालते त्या रेषेवर) रोज घासून, नाहीतर आतलं रबर सुटून. म्हणून टिकाऊ गाइड निवडायचं तर नव्वद टक्के काम मापाचं आहे. कार्बन की ॲल्युमिनियम हा प्रश्न पाचव्या टप्प्यात येतो, तो आधी ओढू नका.

टप्पा १: चेन का पडते ते आधी शोधा

बरीच गाइड अशा सायकलींवर बसतात ज्यांना गाइडची नव्हे, दुरुस्तीची गरज असते. खरेदीआधी पुढच्या गोष्टी याच क्रमाने पाहा.

१. चेन किती ताणली आहे? नवीन चेनवर एका पिनच्या मध्यापासून बारा पूर्ण जोड्यांनंतरच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर ३०४.८ मिमी असतं. अकरा-बारा स्पीडच्या चेनवर ते ३०६.३ मिमीच्या पुढे गेलं असेल, किंवा आठ ते दहा स्पीडवर ३०७ मिमीच्या पुढे, तर आधी चेन बदला. स्टीलची पट्टी चालते, शिंप्याची टेप चालत नाही.

२. चेनरिंगचे दात पाहा. पुढे एकच चेनरिंग असलेल्या सायकलींवर दात आळीपाळीने जाड-बारीक असतात आणि तेच चेनला धरून ठेवतात. जाड दात झिजून बारीक दातांसारखे दिसू लागले असतील तर रिंग बदलायला झाली. रिंगचे बोल्टही या वेळीच आवळून पाहा.

३. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) क्लच, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, चालू आहे का? शिमानोच्या क्लचवाल्या डिरेलरवर छोटा खटका असतो. चाक काढताना तो बंद केला जातो आणि पुन्हा चालू करायचा राहतो. हे इतक्या वेळा घडतं की मी कुणाचीही सायकल पाहताना आधी तिथेच बोट लावतो. खटका चालू असूनही डिरेलरचा पिंजरा हाताने सहज पुढे ढकलला जात असेल तर क्लच सैल झाला आहे.

४. फ्रीहब (मागच्या चाकाचा तो भाग ज्यामुळे पेडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं) अडकतो का? मागचं चाक उचला, पेडल जोरात फिरवा आणि सोडून द्या. चाक फिरत असताना वरची चेन ढिली होऊन लोंबली, किंवा पेडल आपोआप पुढे फिरू लागलं, तर फ्रीहबमध्ये घाण गेली आहे किंवा ग्रीस सुकलं आहे. मुंबईच्या पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. उतारावर पाय थांबवला की ती ढिली चेन दातांवरून निघते, आणि दोष चेनरिंगला दिला जातो.

५. हँगर (मागचा डिरेलर जिथे लटकतो तो धातूचा तुकडा) वाकडा आहे का? सायकल लोकलच्या गर्दीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उजव्या बाजूवर पडली असेल तर शक्यता मोठी. मागून पाहिल्यावर डिरेलरचा पिंजरा कॅसेटच्या (मागच्या दातेरी चाकांच्या) दातांना समांतर दिसला पाहिजे.

आता चेन कुठल्या बाजूला पडते ते लिहून ठेवा: आत, म्हणजे फ्रेमकडे, की बाहेर, क्रँककडे (पेडलच्या दांड्याकडे). आणि कुठल्या गिअरवर. फक्त मागच्या सर्वांत मोठ्या कॉगवर (दातेरी चाकावर) उलटं पेडल मारताना आत पडत असेल तर तो चेनलाइनचा प्रश्न आहे. गाइड तिथे ती पडणं रोखेल, पण घासत राहील.

> सावधान: पुढे तीन चेनरिंग आणि फ्रंट डिरेलर असलेल्या सायकलीवर हे गाइड बसत नाही. तिथे चेन आत पडत असेल तर फ्रंट डिरेलरचा एल स्क्रू (चेन किती आत जाऊ द्यायची ते ठरवणारा) लावून घ्या. तरीही पडली तर सीट ट्यूबवर बसणारा छोटा चेन कॅचर लावा, तो स्वस्तात काम करतो. एकच रिंग ठेवायची असेल तर आधी जाड-बारीक दातांची रिंग टाकून काही दिवस चालवा, गाइडचं नंतर बघू.

नॅशनल पार्कमध्ये कान्हेरीपर्यंत किंवा आरेच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांची बाइक या यादीनंतर बहुधा बरी होते. डांबरी रस्त्यासाठी गाइडवर पैसे घालू नका. येऊर, खारघर, कर्जतकडच्या दगडी वाटांवर उतरत असाल तर पुढे वाचा.

टप्पा २: फ्रेमवर गाइड कुठे बसेल

निवडीचा निम्मा निकाल इथे लागतो. सायकल स्वच्छ धुवा, क्रँकच्या मागे टॉर्च धरा आणि बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्यात फिरतो त्या खालच्या सांध्याच्या) उजव्या बाजूचे फोटो काढा. पाच शक्यता आहेत.

आयएससीजी-०५ (गाइड बसवायच्या जागेचं एक ठरलेलं माप): बॉटम ब्रॅकेटभोवती फ्रेमलाच आटे पाडलेली तीन कानं असतात. सर्वांत भक्कम जागा हीच, आणि खालचं बॅश गार्ड (चेनरिंगला दगडापासून वाचवणारं कवच) लावायचं असेल तर तीच हवी. कानं क्रँकच्या मागे लपलेली असतात, म्हणून वरून पाहून "नाहीत" असं ठरवू नका.

जुनं आयएससीजी: दिसायला तसंच, पण भोकं बॉटम ब्रॅकेटच्या जास्त जवळ. ०५ ची प्लेट (गाइडचा फ्रेमला लागणारा मागचा भाग) यावर बसत नाही. जुनी, सेकंडहँड फ्रेम घेतली असेल तर गाइड विकणाऱ्याला फोटो दाखवून विचाराच. भोकं कानशीने लांबवून "जमवणारे" मेकॅनिक भेटतात, त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

डायरेक्ट माउंट: सीट ट्यूबवर, चेनरिंगच्या वर, फ्रंट डिरेलरसाठी ठेवलेली आट्यांची जागा. तिच्यावर कधी रबरी झाकण असतं. यातही वरचं आणि खालचं असे वेगळे प्रकार आहेत, म्हणून फ्रेमचं मॉडेल सांगूनच प्लेट मागवा.

सीट ट्यूबचा पट्टा: गोल नळी असेल तरच. वर्निअर कॅलिपरने बाहेरचा व्यास घ्या. २८.६, ३१.८ किंवा ३४.९ मिमी यांपैकी काहीतरी निघेल. रंगाचा थर धरून दशांश मिलिमीटरचा फरक चालतो. नळी खाली रुंद होत असेल, चपटी असेल किंवा फुल सस्पेन्शनचा (मागेही शॉक असलेल्या सायकलीचा) सांधा तिथे येत असेल, तर पट्टा विसरा. कार्बनच्या नळीवर पट्टा आवळण्याआधी फ्रेमच्या सूचनापत्रकात परवानगी आहे का ते पाहा.

बॉटम ब्रॅकेटच्या कपाखाली दाबणारी प्लेट: आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटवरच चालते. प्रेस-फिट (आट्यांशिवाय दाबून बसवलेलं) असेल तर प्लेट दाबायला कॉलरच नसतो.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मध्यम किमतीच्या हार्डटेल (मागे शॉक नसलेल्या) फ्रेमना कानं नसतात. म्हणजे पट्टा किंवा बॉटम ब्रॅकेटची प्लेट एवढेच पर्याय उरतात. यांतला पट्टा मला आवडतो, कारण तो काढायला क्रँक खोलावा लागत नाही. पण दगडाचा फटका बसला की तो नळीवर फिरतो. बॉटम ब्रॅकेटची प्लेटही फिरू शकते, आणि ती पुन्हा जागेवर आणायला मात्र अर्धी सायकल खोलावी लागते.

> तपासणी: या टप्प्याच्या शेवटी कागदावर एकच शब्द हवा: माउंटचं, म्हणजे गाइड बसायच्या जागेचं, नाव. दोन असतील तर भक्कम असलेला निवडा.

टप्पा ३: चेनलाइन आणि दात

चेनलाइन म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगच्या दातांच्या मध्यापर्यंतचं अंतर. घरी मोजायची सोपी रीत: सीट ट्यूबच्या उजव्या कडेपासून दातांच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्यात त्या नळीच्या व्यासाचा अर्धा भाग मिळवा. नळी ३४.९ ची आणि अंतर ३४.५ आलं, तर १७.५ मिळवून ५२ मिमी. नळी खाली मध्यरेषेवर नसेल तर ही रीत फसते, तेव्हा क्रँकसेटच्या माहितीपत्रकातला आकडा घ्या.

जुन्या मापाच्या मागच्या हबवर साधारण ४९ ते ५०, १४८ मिमीच्या बूस्ट हबवर ५२, आणि अलीकडच्या बऱ्याच क्रँकसेटवर ५५ मिमी आढळतं. गाइड यातल्या काही मिलिमीटरच्या पट्ट्यातच पुढे-मागे सरकतं, वॉशर घालून किंवा स्क्रूने. "५१ ते ५६" लिहिलेलं गाइड ४९ वर ओढून बसवलं तर चेन दर फेऱ्याला गाइडच्या आतल्या भिंतीला घासून ती खाते.

दातांचंही तसंच. पाकिटावर २८ ते ३६ असं काहीतरी असतं. तुमची रिंग त्याच्या अगदी टोकाला नसावी, कारण येऊरचा चढ दोनदा चढल्यावर ३२ ची ३० करावीशी वाटणारे पुष्कळ आहेत. अंडाकृती रिंग असेल तर ती दोन दात मोठी धरा. ३२ ची अंडाकृती रिंग सर्वांत उंच जागी ३४ च्या गोल रिंगएवढी पोचते, आणि गाइडची उंची त्या जागेला लावायची असते.

> सावधान: विक्रेत्याच्या पानावर माउंट, चेनलाइन आणि दात या तिन्हींपैकी एक जरी लिहिलेलं नसेल तर ते गाइड घेऊ नका. वनअप, एमआरपी, ई-थर्टीन यांच्यासारख्या कंपन्या हे आकडे देतात. बिननावाच्या मालात ते नसतात, तिथे स्वस्ताई महागात पडते. परदेशातून मागवलेल्या मालाला सीमाशुल्क लागतं आणि परत पाठवणं जड जातं, हेही हिशोबात धरा.

टप्पा ४: किती गाइड हवं

तीन पर्याय आहेत: फक्त वरचा पिंजरा, वरचा पिंजरा आणि खाली बॅश गार्ड, किंवा या दोन्हींसोबत खालचा रोलर.

मुंबईच्या आसपास चालवणाऱ्या बहुतेकांना फक्त वरचा पिंजरा पुरतो. क्लचवाला डिरेलर आणि जाड-बारीक दात जागेवर असतील तर चेन निसटायची मुख्य जागा वर, दातांवर चढताना असते. पिंजरा तीच अडवतो.

बॅश गार्ड कधी? चेनरिंगचे खालचे दात दगडावर आपटून चेपले असतील, किंवा वाटेत पायऱ्यांसारखे कातळ असतील तेव्हा. सह्याद्रीचा बेसॉल्ट कठीण आहे. एका फटक्यात रिंगचा दात वाकतो आणि कधीकधी चेनही जाते. पण गार्ड आयएससीजी-०५ वरच लावा. पट्ट्यावर किंवा बॉटम ब्रॅकेटच्या प्लेटवर लावलेलं गार्ड पहिल्या फटक्यात गरकन फिरतं आणि जाता जाता वरचा पिंजराही घेऊन जातं.

खालचा रोलर आपल्या हवेत डोकेदुखी आहे. त्याचं छोटं बेअरिंग चिखल आणि खाऱ्या दमटपणात लवकर जाम होतं, आणि जाम रोलर चेनखाली ब्रेकसारखा घासतो. डाउनहिल शर्यतीत उतरत नसाल तर घेऊ नका.

टप्पा ५: साहित्य आणि हातात घेऊन करायची पारख

मागची प्लेट ॲल्युमिनियमची घ्या. थोडी वाकली तर एकदा सरळ करता येते. दुसऱ्यांदा वाकली की बदला. साध्या पत्र्याची प्लेट समुद्राजवळ राहणाऱ्याच्या कामाची नाही, रंग उडाला की त्या जागेपासून गंज पसरतो. कार्बनची प्लेट हलकी असते, पण दगडाचा टोकदार फटका तिला तडा देतो आणि तो तडा चिखलाखाली दिसत नाही. वाचलेले थोडेसे ग्रॅम टायरमधल्या हवेच्या फरकाएवढेही जाणवत नाहीत.

पिंजरा नायलॉनचा की पॉलिकार्बोनेटचा, हे मात्र नीट विचारा. नायलॉन दमट हवेत थोडा मऊ आणि लवचीक होतो, तुटण्यापेक्षा वाकतो, आणि रॉकेलला दाद देत नाही. पॉलिकार्बोनेट फटका चांगला सोसतं, पण त्याला रसायनांचं वावडं आहे: पेट्रोल, काही डिग्रीझर आणि बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावायचं थ्रेडलॉकर लागलं की त्यात बारीक तडे पडतात आणि आठवड्याभराने बोल्टच्या भोकाशी तुकडा सुटतो. पेट्रोलने चेन धुणाऱ्यांनी नायलॉनच घ्यावं.

दुकानात हातात घेऊन एवढं करा:

- पिंजरा अंगठ्याने आडवा ढकला. प्लेट न हलता फक्त पिंजरा डुगडुगत असेल तर बिजागरी कच्ची आहे.
- आतलं घासणारं अस्तर वेगळं मिळतं का विचारा. नुसतं चिकटवलेलं रबर पहिल्या पावसात सुटतं. खाचेत बसवलेलं किंवा स्क्रूने धरलेलं टिकतं.
- पिंजरा न काढता चेन बाहेर घेता येते का? वाटेत चेन तुटली तर याचं मोल कळतं.
- बोल्ट साध्या मापाचे आहेत का? एम५, एम६ असतील तर मसजिद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर स्टेनलेसचे बोल्ट, वॉशर, स्पेसर सुटे मिळतात. वेगळ्याच डोक्याचे खास स्क्रू हरवले की गाइड अडगळीत.
- भिंतीच्या आतल्या कडा गोल आहेत का ते बोट फिरवून पाहा. साच्याची धारदार कड चेनचा आवाज करते आणि लवकर झिजते.

बसायची जागा बरोबर आणि सुटे भाग मिळत असतील तर साधं नायलॉनचं गाइड महागड्या कार्बनपेक्षा जास्त टिकतं.

टप्पा ६: बसवण्याचा क्रम

हाताशी ठेवा: २.५ ते ८ मिमीच्या ॲलन की, वर्निअर कॅलिपर, शक्य असेल तर टॉर्क पाना, निळं म्हणजे मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर, ग्रीस आणि जुना टूथब्रश.

१. आटे साफ करा. कानांच्या भोकांत कारखान्याचा रंग साचलेला असतो. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. अडला तर पान्याने जोर लावू नका, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून घ्या. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की फ्रेमचं काम निघतं.

२. प्लेट कोरडी बसवून पाहा. प्लेट, वॉशर, बोल्ट, क्रँक असं सगळं थ्रेडलॉकरशिवाय जोडा आणि चेनलाइन जुळते का बघा. हीच पायरी सगळे गाळतात, आणि मग चिकटलेले बोल्ट पुन्हा सोडवत बसतात.

३. बॉटम ब्रॅकेटची प्लेट असेल तर स्पेसर मोजा. शिमानोच्या बाहेरच्या कपांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये ६८ मिमीच्या शेलला उजवीकडे दोन आणि डावीकडे एक असे २.५ मिमीचे स्पेसर असतात, ७३ मिमीला फक्त उजवीकडे एक. प्लेट २.५ मिमी जाड असेल तर ती उजवीकडच्या एका स्पेसरच्या जागी जाते. स्पेसर न काढता प्लेट घातली तर क्रँक पुरेसा आत बसत नाही. उजव्या कपाला उलटे आटे असतात, तो डावीकडे फिरवून आवळायचा, ३५ ते ५० न्यूटन-मीटरला.

४. आता थ्रेडलॉकर. धातू-धातूच्या बोल्टवर एक थेंब. त्याने बोल्ट ढिला होत नाही आणि खारं पाणीही आट्यांत शिरत नाही. पिंजऱ्याच्या प्लास्टिकजवळच्या स्क्रूला मात्र लावू नका.

५. तिन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलं की प्लेट तिरकी बसते.

६. उंची लावा. दातांना न टेकता पिंजरा जितका खाली येईल तितका आणा. साधारण दोन-तीन मिमीची फट ठीक. कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा.

७. आडवं अंतर लावा. मागे मधल्या कॉगवर चेन ठेवा, ती पिंजऱ्याच्या मध्यातून जायला हवी. मग सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या कॉगवर जा. दोन्ही टोकांना स्पर्श नको. एका टोकाला घासत असेल तर वॉशर हलवा, पिंजरा वाकवू नका.

> सावधान: शिमानोचा दोन तुकड्यांचा क्रँक परत बसवताना डाव्या बाजूची प्लास्टिकची टोपी फक्त बेअरिंगची ढिलाई जाण्यापुरती, ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर, आवळायची. मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने १२ ते १४ ला. टोपी जोराने आवळली की बेअरिंग लवकर जातं आणि आवाजाचं खापर गाइडवर फुटतं.

टप्पा ७: रस्त्यावर जाण्याआधीची चाचणी

फुल सस्पेन्शन असेल तर शॉकची हवा सोडून मागचं चाक पूर्ण वर दाबा. चाक वर गेलं की चेनचा कोन बदलतो आणि स्टँडवर मोकळी असलेली चेन पिंजऱ्याला खालून टेकते. हे सगळ्या गिअरवर पाहा. मग हवा पुन्हा आधीच्याच दाबाला भरा. सोडण्याआधी आकडा लिहून ठेवा.

हार्डटेलवाल्यांनी मागचं चाक गुडघ्याएवढं उचलून दोन-चार वेळा सोडावं, दर वेळी वेगळ्या गिअरवर. मग मोठ्या कॉगवर उलटं पेडल मारावं. सोसायटीच्या रॅम्पवरून उभं राहून उतरलात तर वॉचमन विचारायला येईल, पण चाचणी चांगली होते.

> तपासणी: पहिल्या खऱ्या फेरीनंतर प्लेटचे बोल्ट पुन्हा बघा. नवी प्लेट रंगावर दबून बसते आणि ताण थोडा कमी होतो.

टप्पा ८: पावसाळ्यातली निगा

जून ते सप्टेंबरमध्ये पिंजऱ्याच्या आत लाल माती घट्ट बसते. फेरीनंतर साध्या पाइपने धुवा. कार वॉशचा जोराचा फवारा बॉटम ब्रॅकेटवर मारू नका. टूथब्रशने आतली खाच साफ करा, चेन पुसून तेल द्या. पिंजऱ्यात तेल ओतायची गरज नाही, तिथे ते मातीचा लगदा करतं.

पंधरवड्यातून एकदा पिंजरा उघडून आतली भिंत पाहा. एकाच बाजूला खोल खोबण दिसली तर गाइड झिजलेलं नाही, चेनलाइन सरकली आहे. टप्पा ६ मधल्या सातव्या पायरीवर परत जा. दोन्ही बाजूंना सारखी खोबण असेल आणि अस्तराची जाडी अर्ध्यावर आली असेल तर अस्तर बदला.

सायकल बाल्कनीत उन्हात उभी राहत असेल तर प्लास्टिक पांढुरकं पडून ठिसूळ होतं. जुना चादरीचा तुकडा टाकला तरी पुरे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसाळा संपल्यावर एकदा बोल्ट पूर्ण बाहेर काढून पाहावेत. स्टेनलेस बोल्टभोवती ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर ती घासून काढा, बोल्टच्या डोक्याखाली ग्रीस लावा, आट्यांवर नवीन थ्रेडलॉकर घाला आणि परत बसवा. भोकाची कडा खाल्ली गेली असेल तर प्लेट बदला. तीच प्लेट मोठा वॉशर लावून चालवली तर दर आठवड्याला बोल्ट आवळावा लागेल.